“मॅडम, क्लासिकलला एवढी सिस्टीम लागत नाही”

हे वाक्य आज दुपारी मला एका मोठ्या शोरूममध्ये ऐकवण्यात आलं. नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. एसीत बसवून, कॉफी पाजून, गोड बोलून ऐकवलं, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाही.

भाच्याने बाणेरला फ्लॅट घेतलाय. हप्त्यांनी कंबर मोडलीय, पण स्वारीला गाणं ऐकायला नीट सिस्टीम हवी. सगळं मिळून अडीच लाखांपर्यंत. “मावशी, तू चल, मला त्यातलं कळत नाही,” म्हणाला, म्हणून गेले. तिथला मुलगा पहिल्यापासून भाच्याकडेच बघून बोलत होता. मी सोबत आणलेली पिशवी असावी तशी सोफ्यावर. काळोख्या खोलीत बसवलं आणि लावलं काय, तर हेलिकॉप्टर! डोक्यावरून गेलं. मग काच फुटली. मग कसला तरी स्फोट झाला आणि सोफा हादरला. “फील आला ना सर?”

आला बाबा. पोटात आला.

मी म्हटलं, जरा एखादा ख्याल लावता का? विलंबित. तेव्हा हे वरचं वाक्य आलं. वर पुस्ती, “त्याला एक चांगला ब्लूटूथ स्पीकर बास आहे.”

शेवटी लावला, नाइलाजाने. पण ते ‘कॉन्सर्ट हॉल’ की काय ते बटण दाबलेलंच होतं. त्यामुळे गवई समोर आणि तानपुरे माझ्या पाठीमागे, दाराशी! अहो, तानपुरे गवयाच्या मागे असतात. श्रोत्यांच्या मागे चपला असतात.

मी मिरजेची. बऱ्याच जणांना ठाऊक आहे, ज्यांना नाही त्यांना माझा पारा का चढला ते आता कळेल. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. 1937मध्ये ते गेले, पण उरुसात दर्ग्याच्या आवारात त्यांच्या आठवणीत गाणं अजून होतं. आणि सतारमेकर गल्ली. आमच्या तानपुऱ्याला 2024मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरात फोटो आले, पण आम्ही त्या गल्लीतून शाळेत जायचो. पंढरपूरकडून आलेले भोपळे दारात वाळत पडलेले असायचे.

आमच्या गाण्याच्या बाईंचा तानपुरा एकदा गल्लीतल्या चाचांकडे जवारीला, म्हणजे तारेचा नाद खुलवून घ्यायला, टाकला होता, तो आणायला मला पाठवलं. चाचा घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत बसलेले. घासायचं, पुसायचं, तार छेडायची, परत घासायचं. मी कंटाळून चुळबुळ करायला लागले तसे म्हणाले, “पोरी, हिकडं ये. डोळं झाक. बघू नगंस, ऐक.” घोडीवर तार टेकते तिथे तारेखाली सुताचा धागा होता. तो त्यांनी किंचित सरकवला असणार. आधी तार नुसती बोद वाजत होती. मग एकदम उघडली. खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची तार होती ती, पण तिच्यातून गंधार यायला लागला. कोणी लावलेला नाही, कोणी छेडलेला नाही, तरी आहे. मी डोळे उघडून मागे पाहिलं, दुसरं कोणी वाजवतंय का म्हणून. चाचा हसत होते.

त्याला स्वयंभू गंधार म्हणतात हे पुढे कळलं. त्यात जादू काही नाही. तार जितक्या वेगाने थरथरते त्याच्या पाचपट कंपनांचा तो सूर. पुरुष गवई काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर खर्ज साधारण 69 हर्ट्झ, आणि हा गंधार 346च्या आसपास. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात तो असतोच. रेकॉर्डिंग बरं असेल तर त्यातही असतो. प्रश्न एवढाच, की तुमचे लाखाचे स्पीकर तो देतात का?

आज त्या खोलीत तो आला नाही. आली ती गुणगुण, फ्रिजची येते तशी.

आता सांगा, कुणाला लागते चांगली सिस्टीम? त्या हेलिकॉप्टरमध्ये थोडं डावं-उजवं झालं तर कळणार कुणाला? खरं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेल्यावर कसं वाजतं हे त्या खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. पण बाईमाणसाचा गळा, तानपुऱ्याची जोडी, डग्ग्यावरचा घिस्सा हे आपल्याला माहीत असतं. तिथे फसवता येत नाही. एक गळा, दोन तानपुरे, मधे एवढी शांतता. लपायला जागाच नाही. आणि म्हणे, क्लासिकलला लागत नाही!

बरं, कबूल, सिनेमे बघणाऱ्याला ते हेलिकॉप्टर हवं असतं. त्याने घ्यावं, पाच स्पीकर घ्यावेत, छतालाही लावावेत. मला काय.

पण मग ‘हाय-एंड’वाली मंडळी. आमच्या ओळखीतही आहेत एक-दोन, हे वाचत असतील तर वाचोत. यांच्याकडे गेलं की गाणं राहतं बाजूला, आधी वायर दाखवतात. सापासारखी जाड, वेणी घातलेली, एका जोडीत स्कूटर यावी अशी किंमत. अरे, तांबं आहे ते! लांब अंतराला बारीक वायर वापरू नये हे मान्य, तेवढं गल्लीतला इलेक्ट्रिशियनही सांगेल. मग 192 किलोहर्ट्झ, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आवाजाचे सेकंदाला 1,92,000 नमुने. सीडी 1982मध्ये आली ती 44.1ची, कारण माणसाला 20,000 हर्ट्झच्या वर ऐकू येत नाही आणि तेवढं पकडायला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने, म्हणजे 44.1, पुरतात. साठी ओलांडलेल्या बहुतेकांना तर 12,000च्या वरचंही धड ऐकू येत नाही, आणि हे गृहस्थ त्याच्याही वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) मागवतात. कुणासाठी, वटवाघळांसाठी? आणि एवढं करून वाजवायचं काय, तर खाँसाहेबांची 78ची तबकडी. तीन-साडेतीन मिनिटांची, खरखरीसकट. त्या तबकडीत 192 नाही हो. तिच्यात जे आहे ते तुमच्या आजोबांच्या रेडिओतूनही अंगावर काटा आणत होतं.

वॅटचं तर बोलूच नका. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हजार वॅटचा स्टिकर बघून खिशात हात घालणाऱ्यांनी हे एकदा भिंतीवर लिहून ठेवावं.

चाचांच्या हातात धाग्याचं रीळ होतं आणि एक कानस. त्यांनी मला लाकूड कुठलं, तार कुठली, काही सांगितलं नाही. डोळे मिटायला सांगितले. दुकानात मीही डोळेच मिटले, तर तो मुलगा भाच्याला विचारतो, “मॅडमना झोप येतेय का?”

असो. चिडून झालं. भाच्याला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कुणाच्या कामी आलं तर.

दोनच स्पीकर घे, पाच नको. अर्ध्याहून जास्त पैसे त्यांच्यावरच घाल. बाकीच्यात एक साधा, दणकट अँप्लिफायर आणि फोनवरून गाणं वाजवायची सोय. रेकॉर्ड प्लेअर हौस असेल तरच. स्पीकर मोठेच हवेत असंही नाही. सत्तरच्या दशकात बीबीसीने बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसावेत म्हणून एलएस3/5ए नावाचे छोटे स्पीकर बनवले. दणका जवळपास नाहीच, पण माणसाचा आवाज असा, की आजही लोक शोधत फिरतात. केईएफने 2012मध्ये काढलेले एलएस50 त्याच वाटेवरचे. मला ते आवडतात, तुम्हाला नाही आवडले तर नका घेऊ.

ऐकायला जाताना आपलं गाणं घेऊन जा, हजारदा ऐकलेलं. दुकानातलं ऐकूच नका. आणि दोन सिस्टीमची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा. महागडी किंचित मोठ्याने लावायची ही जुनी खेळी आहे. मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. आज माझ्यासमोर झालं हे. मी “बारीक करा” म्हटल्यावर त्या दोघींतला लाखाचा फरक कुठे गेला कोण जाणे.

आणि खोली! याच्यावर कुणी बोलतच नाही, कारण खोली विकता येत नाही. भाच्याचा हॉल 12 फूट लांब, चकचकीत टाइल्स, एका बाजूला पूर्ण काच. टाळी वाजवली तर झणझणते. 12 फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंती स्वतःच घुमवत बसतात. तिथे वीस लाखांची सिस्टीम ठेवली तरी डग्गा रांजणातून आल्यासारखाच येणार. इंटिरिअरवाल्या बाई म्हणतात, स्पीकर टीव्ही युनिटच्या खणात बसवू, वर कृत्रिम फुलं. मी म्हटलं, मग त्यात पापडाचे डबेच ठेवा, निदान वास तरी लागणार नाही. स्पीकर भिंतीपासून सुटे, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण. फुकट आहे हे सगळं. म्हणूनच कुणी करत नाही बहुधा.

त्या मुलाबद्दल मघाशी फार बोलले का? पोटावर आहे बिचारा, महिन्याचं टार्गेट असणार. गिऱ्हाइकं रोज हेलिकॉप्टरच मागत असतील तर तो तेच लावणार. पण मालकाने एखादा ख्याल तरी ठेवावा की हो दुकानात. पुण्यात दुकान आहे, 1953पासून सवाई गंधर्व भरतो इथे!

निर्णय झालेला नाही. दुसऱ्या एका छोट्या दुकानदाराने स्पीकर दोन दिवस घरी नेऊन ऐकायला दिलेत, अनामत घेऊन. शनिवारी लावायचे आहेत. त्याआधी त्या टाइल्सचं काहीतरी करायला हवं. कोणाकडे जुनं जाड जाजम पडून असेल तर सांगा. निदान आठ बाय सहाचं हवं, डाग चालतील. बाणेरपर्यंत न्यायची व्यवस्था भाचा करेल. आणि वायरवाल्यांनी कमेंटमध्ये येऊ नये, मी उत्तर देणार नाही.