चालत्या गाडीचे चारही दिवे

बोरघाटात पावसाची पहिली जोरदार सर कोसळली, की पुढच्या गाड्यांचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकू लागतात आणि दर पावसाळ्यात माझा तोच संताप उफाळून येतो. हे दिवे रस्त्यात बंद पडलेल्या किंवा थांबलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले, की ती उभी आहे की पुढे जाते आहे, हेच मागच्या चालकाला कळत नाही. शिवाय चारही दिवे एकत्र लुकलुकत असताना डावी-उजवीकडची खूण ओळखूच येत नाही, त्यामुळे खंडाळ्याच्या धुक्यात समोरची गाडी मार्गिका बदलते आहे, हे ती आडवी आल्यावरच समजते.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक गाडी अचानक माझ्यासमोर वळली, मला करकचून ब्रेक दाबावा लागला आणि ओल्या रस्त्यावर आमची गाडी घसरत गेली. मागच्या आसनावर माझी आई होती. पुढे चहाच्या टपरीवर त्या गृहस्थांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "अहो, पाऊस होता म्हणून सुरक्षिततेसाठीच लावले होते."

कसली सुरक्षितता? वेग कमी करा, अंतर वाढवा, हेडलाइट डिपरवर ठेवा, कारण अप्परचा झोत धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काहीच दिसेनासे झाले, तर सुरक्षित जागी रस्त्याबाहेर थांबा आणि मग ते चारही दिवे खुशाल लावा.