कस्टमर आयडीचा डी मोठा की लहान

माझं काम सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपतं. कंपनी कुरिअरची, ऑफिस अंधेरी ईस्टला, आणि पार्सलची माहिती कशी साठवायची हे एका प्रोटोबफ फाईलमध्ये, म्हणजे माहितीचा साचा लिहायच्या फाईलमध्ये, लिहिलेलं असतं, त्या एका फाईलवरून जावा, पायथन, गो, सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट अशा पाच कोडिंग भाषांच्या पाच टीमना कोड काढून देणारा आमचा घरगुती जनरेटर मी सांभाळतो. कोड काढायचं काही नाही हो, तो मशीन काढतं. भांडणं होतात ती नावांवरून, आणि ती माणसं करतात, माझ्या टेबलाशी उभं राहून, हातात कटिंग घेऊन.

आता बघा, फाईलमध्ये लिहिलंय कस्टमर, मग अंडरस्कोर, मग आयडी, सगळी अक्षरं लहान. ही स्नेक केस. पायथनवाले खूश, कारण त्यांच्या पेप 8 नावाच्या नियमावलीत हेच लिहिलंय. जावावाल्यांना मात्र अंडरस्कोर डोळ्यांत खुपतो, त्यांना कॅमल केस पाहिजे, म्हणजे सुरुवातीचा सी लहान आणि मधला आय मोठा. सी शार्पवाल्यांना सी पण मोठा पाहिजे. आणि गोमध्ये कॅपिटल ही आवडनिवड नाहीच, तिथे तो कायदा आहे, पहिलं अक्षर मोठं असलं तरच ते नाव पॅकेजच्या, म्हणजे कोडच्या त्या गठ्ठ्याच्या, बाहेर दिसतं, लहान असलं की घरातल्या घरात. (माझ्या आईला अजून वाटतं की 'गोवाल्यांशी मीटिंग' म्हणजे कंपनी मला गोव्याला पाठवते, आणि दर वेळी काजू का नाही आणले म्हणून मी बोलणी खातो.)

इथपर्यंत सगळं ठीक, एवढं तर कॉलेजचं पोरगं पण करून देईल. खरा ताप आयडीपासून सुरू होतो. गो टीमच्या मॅडम बोलल्या, आय आणि डी दोन्ही मोठे, आमचा लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं सॉफ्टवेअर, ओरडतो. लिंटरकडे खरंच एक यादी असते, एपीआय, एचटीटीपी, यूआरएल, आयडी वगैरे, ही मंडळी आली की सगळी अक्षरं मोठी. छान. मग ह्या यादीत जीएसटी आहे का? नाही. यूपीआय? नाही. ओटीपी, ज्याच्यावर अख्खा भारत चालतो, तो? तो पण नाही. म्हणजे ती यादी आपण वाढवायची, आणि आपण वाढवायची म्हटलं की मीटिंग आली.

मीटिंगमध्ये सी शार्पवाले सर आपली मायक्रोसॉफ्टची नियमावली घेऊन हजर. त्यांच्यात दोन अक्षरी लघुरूप असेल तर दोन्ही मोठी, तीन किंवा जास्त असतील तर फक्त पहिलं मोठं, आणि आयडी दोन अक्षरी असूनही त्याला हा नियम लागू नाही, त्याचा डी लहानच. का? तर आयडी हे लघुरूप नसून एका शब्दाला दिलेली कात्री आहे. हे ऐकून मी पाणी प्यायलो. बरं, जावावाल्यांकडे न्याय मागायला जावं तर त्यांच्या स्वतःच्या लायब्ररीत एचटीटीपी यूआरएल कनेक्शन नावाचा एक क्लास आहे, त्यात एचटीटीपीचा फक्त एच मोठा आणि लगेच पुढे यूआरएल पूर्ण मोठा, एकाच नावात! आणि ब्राउझरमधली एक्सएमएल एचटीटीपी रिक्वेस्ट बघा, तिथे एक्सएमएल पूर्ण मोठा आणि एचटीटीपी बिचारा बारका. ज्यांनी ह्या गोष्टी बनवल्या त्यांचंच जमलं नाही, आणि आमच्याकडून अपेक्षा शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

शेवटी मी जे केलं ते सांगतो, कारण ते चाललंय. नाव हे एक सलग नाव म्हणून ठेवायचंच नाही, आत शब्दांची यादी ठेवायची, कस्टमर आणि आयडी असे सुटे, आणि प्रत्येक भाषेच्या दारात गेल्यावर तिथल्या पद्धतीने जोडायचे. लघुरूपांची एक वेगळी फाईल, तिच्यात बदल करायचा तर पाचही टीमची सही. सही म्हटल्यावर निम्म्या मागण्या तिथेच मेल्या.

आणि एक पथ्य, जोडलेलं नाव परत फोडायला जायचं नाही. ॲड्रेस लाइन 1 मध्ये एकच्या आधी अंडरस्कोर असला तरी कॅमल केस करताना तो उडतो, मग उलट येताना तो एकच्या आधी होता की नव्हताच हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही. कुणीतरी हुशारीने अंडरस्कोरवालं आणि बिनअंडरस्कोरचं अशी दोन्ही फील्ड एकाच ठिकाणी ठेवली होती, जेसनमध्ये, म्हणजे तीच माहिती मजकुरात लिहून पाठवायच्या पद्धतीत, दोघांचं नाव एकच होतं म्हणून प्रोटोबफच्या कम्पायलरनेच हात वर केले. मुंबईचा पत्ता म्हणजे आधीच विंग, बिल्डिंग, देरासरच्या समोर, मेडिकलच्या मागे, त्यात हे.

पण सगळ्यात मोठा झोल आमच्या धंद्याचाच आहे. कुरिअरमध्ये रोज लागणारे शब्द कुठले, तर पॅकेज, फ्रॉम, क्लास, रिटर्न, ट्राय, आणि काच फुटली तर ब्रेक. आता ही नावं घेऊन कुठल्याही भाषेत जा, तिथे आधीच विरारहून आलेल्या माणसाने रुमाल टाकून ठेवलाय. पॅकेज हा शब्द जावा आणि गो दोघांनी अडवलेला. फ्रॉम पायथनने. रिटर्न तर पाचही जणांनी. आता कुरिअर कंपनीने पार्सल कुठून आलं हे लिहायचंच नाही का? पायथनमध्ये ठिपका देऊन फ्रॉम लिहिलं की सिंटॅक्स एरर, मग गेटॲट्र नावाच्या मागच्या दाराने आत शिरा, नाहीतर शेवटी एक अंडरस्कोर चिकटवा. सी शार्पमध्ये पुढे ॲटचं चिन्ह लावलं की चालतं. टाइपस्क्रिप्टला प्रॉपर्टीचं नाव म्हणून काहीही चालतं, ती टीम त्यामुळेच मला आवडते, कधी येतच नाही.

क्लासचं तर वेगळंच लफडं. आमच्याकडे पार्सलचा क्लास असतो, एक्सप्रेस, साधा वगैरे. जावामध्ये त्याचा गेटर, म्हणजे ती माहिती वाचून देणारी मेथड, बनतो गेटक्लास, आणि गेटक्लास ही जावाच्या प्रत्येक ऑब्जेक्टला जन्मतःच मिळालेली मेथड आहे, फायनल आहे, कुणाच्या बापाला बदलता येत नाही. तिथे पण शेपटीला अंडरस्कोर. तेच जावावाले, ज्यांना अंडरस्कोर खुपतो. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मध्ये एका पोराला मराठीचा पुळका आला. बोलला, सर, पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात, आपण 'रक्कम' असंच फील्ड ठेवूया की. पायथनमध्ये चाललं, जावात पण चाललं. गो मात्र हलंताला अडकला, कारण तिथे नावात फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. म्हणजे गोमध्ये 'घर' चालेल, 'मदत' चालेल, 'पार्सल' नाही चालणार. बरं, मदत चालेल म्हणावं तर देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार, त्यामुळे ती पॅकेजच्या बाहेर दिसणारच नाही. उपाय असा की पुढे इंग्रजी मोठा एक्स लावायचा. एक्समदत. त्या पोराचं नुकतंच ब्रेकअप झालं होतं, त्याने स्वतःहून विषय सोडला.

ह्या सगळ्यावर कडी केली ती हबच्या यादीने. आमचे हब स्टेशनांच्या नावाने, आणि यादी जुनी. त्यात एल्फिन्स्टन रोड होतं, ते 2018 मध्ये प्रभादेवी झालं. त्यात व्हीटी होतं, ते 1996 मध्ये सीएसटी झालं आणि 2017 मध्ये सीएसएमटी. नाव बदलायला काय जातंय, बोलायला सोपं. प्रोटोबफ बायनरीत नावाऐवजी त्या हबचा नंबर पाठवतं, तिथे नाव बदललं तरी कुणाला पत्ता लागत नाही, पण जेसनमध्ये नाव जातं, नवं नाव पाठवलं की जुनं सॉफ्टवेअर म्हणणार हे कोण. म्हणून अलायस, एकाच नंबराला तीन नावं, तशी सोय प्रोटोबफमध्ये आहे. येताना तिन्ही नावं चालतात, बाहेर जाताना मात्र जे नाव यादीत पहिलं लिहिलंय तेच जातं. झालं, पहिलं कोण ह्यावर पाऊण तास.

सीएसएमटी पहिलं ठरलं, सगळे उठले, आणि तेवढ्यात सी शार्पवाल्या सरांच्या स्क्रीनवर कोड आला. त्यांच्या नियमाप्रमाणे चार अक्षरी लघुरूप, म्हणजे पहिला सी मोठा, बाकी एस, एम, टी सगळे लहान. खोलीत शांतता. मॅनेजर वाकून बघतायत.

"ह्यातला एम कशाचा?"

"महाराजांचा, सर."

"आणि तू तो लहान केलास?"

"मी नाही सर, जनरेटरने."

"जनरेटर कोण सांभाळतं?"

दहा मिनिटांत लघुरूपांच्या फाईलमध्ये सीएसएमटी चढलं, पाचही टीमच्या सह्या एका दमात, मायक्रोसॉफ्टच्या नियमावलीचं कुणी नाव पण काढलं नाही. लेबलं आता एकदम शुद्ध छापून येतात, प्रभादेवी तर प्रभादेवी. परवा गोडाऊनला गेलो तर टेम्पोवाला प्रत्येक लेबलच्या बाजूला काळ्या मार्करने मोठ्ठं 'एलपिस्टन' लिहीत बसला होता, आणि त्या ढिगातलं एकही पार्सल चुकीच्या हबला गेलं नाही.