आंब्याच्या खड्ड्यात मीठ घालू नका! (मावशीला आलेल्या मेसेजला उत्तर)

परवा रात्री मावशीचा फोन आला, देवरुखजवळच्या तिच्या गावातून. म्हणाली, बुधवारी जेसीबी सांगितलाय, मीठ पण आणून ठेवलंय, तू फक्त खड्डा किती खोल घेऊ ते सांग. मला आधी कळेचना मीठ कशाला. मग तिने मेसेज पाठवला आणि डोकंच फिरलं.

झालंय असं की घराची वाटणी झाली आणि १५ वर्षांचं हापूसचं कलम दिराच्या जागेत गेलं. तिथे ते पावसाळ्यानंतर घर बांधणार. कलम काकांनी स्वतःच्या हाताने लावलेलं, काका आता नाहीत, त्यामुळे झाड नव्या जागेत न्यायची मावशीची धडपड मला पूर्ण समजते. पण अशा माणसाच्या हातात हा मेसेज पडतो, आणि तो लिहिणाऱ्याला त्याचं काहीच नसतं, याचा राग येतो.

मेसेज थोडक्यात असा: कितीही जुनं फळझाड ४८ तासांत नव्या जागी नेता येतं. हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं तेव्हाच काढा. जेसीबीने मुळासकट उचला, सगळी पानं आणि फांद्या छाटून टाका. खड्ड्यात ५ किलो खडेमीठ घाला, मुळं कुजत नाहीत आणि वाळवी लागत नाही. १५ दिवसांत पालवी फुटली की झाड जगलं, पुढच्या वर्षी दुप्पट फळ. झाड आपलं, परवानगी लागत नाही. सोबत एक व्हिडिओ.

मी पुण्यात लँडस्केपिंगची कामं करतो, १० वर्षांत बरीच झाडं हलवलीत, काही जगली काही गेली, त्यामुळे हे ऐकीव बोलत नाहीये.

मिठापासूनच सुरुवात करतो कारण झाड मारायला तेवढं एकच पुरेसं आहे. आंब्याला खारट माती सोसत नाही. जरा क्षार वाढले की पानांची टोकं आणि कडा करपायला लागतात, खाऱ्या पाण्याच्या विहिरीवर आंबा ज्याने जोपासलाय त्याला हे माहिती असतं. हे झालं धडधाकट झाडाचं. आपण बोलतोय नुकत्याच मुळं तुटलेल्या झाडाबद्दल. त्याच्याकडे पाणी ओढायला जी चार बारीक मुळं उरलीत ती मिठाच्या मातीत ठेवली तर समोर पाणी असून त्यांना ते ओढता येत नाही. मीठ घातलेल्या काकडीला पाणी सुटतं ना, तसंच मुळांचं होतं. आणि वाळवीचं म्हणाल तर ती मुख्यतः मेलेली साल आणि सुकलेलं लाकूड खाते, झाड अर्धमेलं झालं की ती येणारच, खाली मीठ असो नसो.

आता हे मीठ आलं कुठून? माडाच्या खड्ड्यात मीठ घालायची पद्धत कोकणात जुनी आहे, आजोबाही घालायचे, आणि त्यात तथ्य आहे, माडाला मिठातलं क्लोराईड उपयोगी पडतं आणि खारी जमीन त्याला चालते. एवढं मान्य. पण कुणीतरी माडाचं उचललं आणि आंब्याला चिकटवलं. माड वेगळा, आंबा वेगळा, आणि कोकणातल्या बाईला हे मी सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं, कारण मेसेज नसता तर तिने स्वतःच मला हे सांगितलं असतं.

दुसरं, ती पालवी. व्हिडिओत छाटलेल्या खोडाला लालसर कोवळी पानं फुटलेली दाखवलीत आणि खाली लिहिलंय, झाड जगलं. शेवग्याची फांदी तोडून अंगणात टाका, तिलाही पानं फुटतात. खोडात साठवलेल्या अन्नावर पहिली पालवी येते, त्याला नवीन मुळं लागत नाहीत. पाचेक वर्षांपूर्वी एका साईटवर आम्ही आंबा हलवला होता, मालकाला घाई होती आणि तयारीला वेळच दिला नव्हता. तीन आठवड्यांत तांबूस पालवी आली, सगळ्यांनी फोटो काढले, मीही काढला. मार्चमध्ये ऊन तापलं आणि चार दिवसांत ती पानं तपकिरी होऊन तशीच लटकून राहिली, गळली पण नाहीत. नखाने साल खरवडली तर आत हिरवं काहीच नव्हतं, कोरडं लाकूड. व्हिडिओवाल्याने मेमधला व्हिडिओ टाकायला हवा होता.

आता मुळांचा हिशोब. अमेरिकेतल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले गॅरी वॉटसन यांनी १९८५ मध्ये यावर लिहिलेला एक पेपर आहे, आमच्या कामात तो अजून धरला जातो. हलवलेल्या झाडाला आधीएवढी मुळं परत यायला, खोडाची जाडी ४ इंच असेल तर साधारण ५ वर्षं आणि १० इंच असेल तर १३ वर्षं, असा त्यांचा हिशोब. म्हणजे जेवढं झाड मोठं तेवढा काळ ते अर्ध्या मुळांवर जगणार. मावशीला शिलाईच्या टेपने घेर मोजायला लावला, ६३ सेंटीमीटर आला, म्हणजे जाडी ८ इंच. त्या हिशोबाने दहा वर्षं. ठीक आहे, ते थंड प्रदेशातलं गणित, आपल्याकडे उबेत मुळं लवकर वाढतात, कमी धरा. पण पुढच्या वर्षी दुप्पट फळ? उलट मोहोर आला तरी खुडून टाकायचा असतो. हो, त्रासात असलेल्या झाडाला कधी कधी भरपूर मोहोर येतो, तेवढं अर्धं खरं. कल्टार (झाडाची वाढ रोखणारं औषध) वापरणाऱ्या बागायतदारांना माहितीये की झाडाची वाढ रोखली की मोहोर येतो. पण ती झाडाची तब्येत सुधारल्याची खूण नाही.

आणि जेसीबी. खोडाच्या जाडीच्या दहापट रुंद मातीचा गोळा मुळांभोवती शाबूत राहायला हवा. इथे तो दोन मीटर रुंद होतो, वजन तीन-चार टन. गोणपाट आणि दोरीने आवळून, पट्टे गोळ्याखालून घालून क्रेनने उचलायचा असतो. खोडाला साखळी बांधून ओढलं की साल सोलते आणि मुळं ताणून तुटतात. त्यात मावशीकडची जमीन जांभ्याची, मुरमाड, मुळं दगडाच्या फटीत शिरलेली, तिथे गोळा जागेवरच फुटतो. पानं सगळी छाटायची हेही चूक, थोडी विरळणी आम्हीही करतो, पण नवीन मुळांना अन्न पानंच देतात, सगळीच काढली तर मुळं कशावर वाढणार?

हिवाळ्याची झोप ही थंड देशातल्या पानगळीच्या झाडांची गोष्ट, सफरचंद वगैरे. आंबा सदाहरित आहे आणि आत्ता तर तो मोहोराच्या तयारीत आहे, पुढे सहा महिने पाऊस नाही. यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. परवानगीचंही खोटं. शहरात १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतं. गावात १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा आहे, म्हणून हलवण्याआधीही वन खात्यात विचारलेलं बरं.

मग करायचं काय? दिरांशी मी बोललो, बांधकाम तसंही पावसाळ्यानंतर आहे, जूनपर्यंत झाडाला हात लावत नाहीत. आता खोडापासून एक मीटरवर अर्ध्या गोलात तीन फूट खोल चर, मुळं करवतीने साफ कापून चरात शेणखत आणि माती, वर पाणी. उरलेला अर्धा गोल मार्चमध्ये. चरात बारीक मुळं फुटली तर पहिल्या पावसात क्रेन बोलवू. जांभ्यात गोळा धरेल याची खात्री मी देत नाही, मावशीलाही तसं स्पष्ट सांगितलंय, रडली थोडी.

म्हणून त्याच झाडाच्या काड्यांची कलमं पण करणार आहोत. हापूसचं कलम म्हणजे तेच झाड असतं, काकांनी लावलं तेही कुठल्यातरी जुन्या हापूसच्या काडीचंच होतं. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार महिन्यांच्या काड्या, आठ-दहा दिवस आधी पानं काढून ठेवायच्या, आणि जून-जुलैत कोयीच्या तांबूस कोवळ्या रोपांवर बांधायच्या. दहा बांधू, चार-पाच लागतील, चार-पाच वर्षांत फळ धरतील. मेमध्ये रायवळचे आंबे खाल्ले की कोयी टाकू नकोस, एवढं मावशीला सांगून ठेवलंय.