पिल्लं बघायला सगळे, रात्री चालायला कोण?

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची घरटी राखायला मी पुण्याहून स्वयंसेवक पाठवते. आज सकाळी एका गृहस्थांचा कोथरूडहून फोन आला. मुलाला या कामाला पाठवायचंय म्हणाले. मला बरं वाटलं, लगेच वही उघडली. मग एकेक अट बाहेर यायला लागली. पिल्लं नक्की दिसतील अशीच तारीख द्या. शनिवार-रविवारच हवा. रात्रीचं फिरणं नको, त्याला जागरण झेपत नाही. आणि परदेशातल्या अॅडमिशनसाठी सर्टिफिकेट लागेल, त्यावर 'संवर्धन प्रकल्पात सहभाग' असं स्पष्ट लिहा. मी सरळ नाही म्हटलं. तर म्हणतात, "मग तुम्हाला स्वयंसेवक हवेत तरी कशाला?"

सांगते कशाला हवेत.

गेल्या जानेवारीत मी दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर होते. गावाचं नाव देत नाही, तिथल्या काकांना आवडायचं नाही. काका कासवमित्र आहेत. भल्या पहाटे किनारा पालथा घालायचा, मादी समुद्रातून वर येऊन परत गेल्याचा माग शोधायचा, काठीनं वाळू चाचपायची. जिथे काठी अलगद आत जाते तिथे हातानं उकरायचं, अंडी उलटीपालटी न करता बादलीत घ्यायची आणि हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. त्या रात्री खाडीकडचं टोक पुण्याच्या एका मुलाकडे होतं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "ताई, जमत नाहीये, सॉरी." काका म्हणाले, "असू दे, आपण करू."

आधी अलीकडची बाजू संपवली. खाडीपाशी पोचलो तेव्हा तांबडं फुटलं होतं आणि कुत्र्यांनी घरटं उकरलेलं होतं. ओली टरफलं सगळीकडे, बलक वाळूत मुरलेला. काका गुडघ्यावर बसले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळाशी धड राहिलेली अंडी एकेक करून वर काढली. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि पुढे फक्त 'कुत्रे' असं लिहिलं. त्या पोराबद्दल चकार शब्द काढला नाही. मला मात्र आजही त्याचा राग येतो.

एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात हो! आपल्याकडे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी कुठून कुठून येते. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. तेवढं पोहून ती येते, आणि आपल्याला ताम्हिणी उतरून जायचा कंटाळा.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुण्याची सगळी माया पिल्लं सोडायच्या दिवसावर खर्च होते. अंडी उबायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुम्ही ज्या पिल्लांचे फोटो काढता त्यांची अंडी डिसेंबर-जानेवारीत कुणीतरी अंधारात शोधलेली असतात. तेव्हा आपण कुठे असतो? आणि एप्रिलमध्ये? पर्यटक गेलेले असतात, घरटी असतात. वाळू किती तापलीय त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, जास्त उष्णतेत माद्या वाढतात आणि फारच तापली तर अंडी मरतात. सावलीची जाळी बांधायला, तापमानाच्या नोंदी ठेवायला त्या उन्हात काका आणि त्यांचा पुतण्या, बस्स.

पिल्लं समुद्रात सोडताना बघायच्या कासव महोत्सवामुळे गावात पैसा आला हे मान्य. घरोघरी पाहुण्यांच्या जेवणाची, राहायची सोय करणाऱ्या बायकांच्या हातात चार पैसे खुळखुळले, हेही मान्य. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या भाऊ काटदरेंनी काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास काढून नेली जायची. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हाही होता, पण किनारा राखायला कायदा येत नाही, माणूसच लागतो. तो माणूस गावातून उभा राहिला. आपण त्याला निदान अर्धी रात्र झोप तरी मिळवून द्यावी की नाही?

सगळे तसे नाहीत, हेही लिहायला हवं. सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त मावशी आहेत. गुडघ्यांमुळे वाळूत चालता येत नाही. घरी बसून कासवमित्रांच्या वह्यांचे फोटो मागवतात आणि आकडे कॉम्प्युटरवर चढवतात, एकही ओळ न गाळता. 'कुत्रे' लिहिलेली ओळ आली तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "अगं, त्यातली किती जगली?" अकरा जगली, मावशी. काकांनी स्वतः सोडली. सर्टिफिकेट द्यायचंच तर मी मावशींना देईन, आणि त्या ते घेणार नाहीत.

त्या मुलावर फार चिडून लिहिलं का? असेल खरंच काही अडचण. पण अडचण दुपारी कळवली असती तर गावातलं दुसरं कुणी उभं करता आलं असतं. नाही जमत तर नाही म्हणा, फक्त वेळेवर म्हणा. हे प्रत्येकाला हात जोडून सांगते.

तर, या हंगामातले डिसेंबर आणि जानेवारीचे आठवडे रिकामे आहेत, त्यातही सोमवार ते गुरुवार जास्त. तीन-चार तास वाळूत चालता आलं पाहिजे. राहायची सोय गावातच, जेवण घरचं, मोबाईलला रेंज नाही. टॉर्च लाल प्रकाशाचाच आणा, पांढरा चालणार नाही. पिल्लं दिसणार नाहीत. येणार असाल तर इनबॉक्समध्ये नाव आणि तारखा टाका.