ओकायामाला उतरा, कोराकुएन पाहा

जपानला जाणाऱ्या मराठी मंडळींचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो: तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका आणि सवड उरलीच तर हिरोशिमा. हिरोशिमाकडे जाणारी शिंकान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेन, वाटेत ओकायामा स्थानकात थांबते आणि आपली माणसे खिडकीतून फलाट पाहून पुढे निघून जातात. क्योतोहून तासाभरावर असलेल्या या शहरात उतरून निदान अर्धा दिवस कोराकुएन या बागेला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पुणेकरांना तर हे थोड्या अधिकारानेच सांगतो, कारण सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच बागेवरून बेतलेले आहे. घराजवळची प्रतिकृती दर रविवारी पाहायची आणि मूळ बागेच्या गावावरून गाडीने निघून जायचे, हे काही बरे दिसत नाही.

ओकायामाचा सरंजामदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये या बागेचे काम आपला कारभारी त्सुदा नागातादा याच्याकडे सोपवले आणि १७०० मध्ये ती पुरी झाली. असाही नावाच्या नदीने वेढलेल्या बेटावर, काळ्या भिंतींच्या किल्ल्यासमोर ती वसलेली आहे. विस्तार सुमारे १३ हेक्टर, म्हणजे आपल्या पुण्यातल्या बागेच्या तिपटीहून अधिक. मितोची काइराकुएन, कानाझावाची केनरोकुएन आणि ही, अशा तिघींना जपानच्या तीन थोर बागा म्हणतात.

जपानी बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शेवाळ, दाटी आणि ओळी ओढलेली वाळू येते. कोराकुएनमध्ये शिरल्यावर पहिली जाणीव होते ती मोकळेपणाची. मोठमोठी हिरवळ, मध्ये तळे, त्यात तीन बेटे, जेमतेम सहा मीटर उंचीची युइशिनझान टेकडी आणि या सगळ्यामागे, जणू बागेचाच भाग असल्यासारखा, नदीपलीकडचा किल्ला. मला त्याहूनही विशेष वाटली ती तिथली शेती. बागेत चहाचा मळा आहे, भाताचे खाचर आहे आणि प्राचीन चीनच्या जमीनवाटणीच्या पद्धतीने नऊ भागांत आखलेले एक शेतही आहे. सरंजामदाराने आपल्या विरंगुळ्याच्या जागेत भातखाचराला मानाची जागा द्यावी, ही गोष्ट आपल्याकडच्या बागा आखणाऱ्यांनी जरूर पाहून यावी. आपल्याकडे बाग म्हणजे कारंजे आणि फरसबंदी, असा समज हल्ली फारच पक्का झाला आहे.

बागेतून सुमारे ६४० मीटर लांबीचा एक पाट वळणे घेत वाहतो आणि र्युतेन नावाच्या विसाव्याच्या जागी तो चक्क घरातून जातो. खालच्या मजल्याला भिंती नाहीत, नुसते खांब आणि लाकडी जमीन. माजघरातून पाट काढावा तसे पाणी मधोमध वाहते आणि त्यात निरनिराळ्या रंगांचे सहा दगड मांडलेले आहेत. मी तिथे काठाला बसलो ते दहा मिनिटांसाठी, आणि उठलो तो पाऊण तासाने. पाणी इतके उथळ आहे की दगडाला वळसा घालताना त्यावर पडणारी चुणी स्पष्ट दिसते, आणि आवाज म्हणावा तर जवळजवळ नाहीच.

आज दिसते ती बाग अखंड टिकून राहिलेली मात्र नाही. १८८४ मध्ये ती प्रांताच्या ताब्यात येऊन लोकांसाठी खुली झाली. पुढे १९३४ च्या पुराने आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्याने तिचे मोठे नुकसान केले. एदो काळातली, म्हणजे सरंजामदारांच्या राजवटीतली, चित्रे आणि नोंदी समोर ठेवून ती पुन्हा उभारण्यात आली. र्युतेन मात्र युद्धातून बचावलेल्या मोजक्या वास्तूंपैकी एक आहे. किल्ल्याचा मुख्य मनोरा १९६६ मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला असल्यामुळे तो आत जाऊन पाहण्यापेक्षा बागेतूनच शोभतो, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. बागेतले क्रौंचही युद्धाच्या काळानंतर उरले नव्हते. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी विद्वान ग्वो मोरुओ यांनी १९५६ मध्ये दोन क्रौंच भेट पाठवले. आता बागेतले क्रौंच पिंजऱ्यात असतात आणि नववर्षाच्या दिवशी त्यांना हिरवळीवर सोडतात.

चेरीच्या मोसमातच गेले पाहिजे, हा हट्ट इथे सोडून द्यावा. मे महिन्यात चहाची खुडणी असते, जूनमध्ये भातलावणी, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाळलेली हिरवळ मुद्दाम जाळतात, त्यामुळे काही दिवस ती काळीभोर असते. आपल्याकडच्या भाताच्या राबाची ज्यांना सवय आहे, त्यांना ते दृश्य परके वाटणार नाही.

स्थानकासमोरून ट्रामने शिरोशिता थांब्यावर उतरावे. तिथून बाग चालत गाठता येते. परतताना ट्राम न घेता निशिगावा कालव्याच्या कडेने चालावे. शहराच्या मध्यातून जाणारी सुमारे २.४ किलोमीटरची ही झाडांची पट्टी पाहायला कुणी पर्यटक येत नाही. संध्याकाळी कार्यालयातून सुटलेली माणसे बाकांवर डबा उघडून बसलेली असतात, आणि बाजूला पाणी वाहत असते.