दोन जन्मतारखांची गाडी

अण्णांनी कोल्हापूरच्या जकात नाक्यावर बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या अडवल्या. त्याची फेड मी २०२३च्या जूनमध्ये केली, नायगारा नदीवरच्या एका पुलाच्या कॅनडाकडच्या टोकाला, अठ्ठावीस फुटी मोटरहोमच्या किल्ल्या हातात धरून. अण्णा शेजारीच उभे होते. पण त्यांची सगळी सहानुभूती काउंटरच्या पलीकडे होती.

मोटरहोम म्हणजे फिरतं घर. पुढून ट्रकचं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर छज्जासारखा बाहेर आलेला पलंग, मागे ओटा, फ्रिज, जेवणाचं टेबल आणि एक संडास, ज्यात माणूस आत गेला की दार बाहेर राहतं. कोविडात हॉटेलं बंद होती, विमानं बंद होती, तेव्हा हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. हॉटेलं उघडली, विमानं उडाली, खूळ तिथेच राहिलं.

आमच्या ओंटारियो प्रांतात जुन्या मोटरहोमच्या किमती ऐकून मी दोन दिवस गप्प होतो. तिसऱ्या दिवशी सीमेपलीकडे शोधायला लागलो. इचलकरंजीत जसे माग, तशी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास मोटरहोमं निघतात, त्यामुळे वापरलेला मालही तिकडे मुबलक. शेवटी पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावाजवळ एका निवृत्त जोडप्याकडे माझ्या मनासारखी गाडी मिळाली. किंमत २४ हजार अमेरिकन डॉलर, म्हणजे आमचे साधारण ३२ हजार कॅनेडियन. मी कागदावर आठ हजारांची बचत काढून दाखवली. बायको म्हणाली, "कागद जपून ठेव. पुढे हसायला होईल."

पण माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. अमेरिकेतून कॅनडात गाडी आणायची तर ती कॅनडाच्या सुरक्षा नियमांत बसते का, ते बघतात. त्यासाठी आयात गाड्यांच्या कार्यक्रमात नाव नोंदवा, फी भरा, गाडीत बदल करा, पंचेचाळीस दिवसांत तपासणी करून घ्या, असा सगळा सत्यनारायण असतो. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर मात्र यातलं काहीच नाही. आणि हे पंधरा वर्षांचं वय मॉडेलच्या सालावरून धरत नाहीत, तर गाडी बनली तो महिना आणि साल बघतात. मी ईरीला पहिल्याच भेटीत ड्रायव्हरचं दार उघडून आतल्या कडेचं स्टिकर वाचलं. मार्च २००८. पंधरा वर्षं आणि वर तीन महिने! त्या आजोबांना वाटलं, मला इंजिन आवडलंय. मी इंजिन बघितलंच नव्हतं.

मग बहात्तर तास. अमेरिकेतून वापरलेली गाडी रस्त्यानं बाहेर काढायची तर तिच्या मालकीचा कागद, ज्याला तिकडे टायटल म्हणतात, तो किमान बहात्तर तास आधी त्यांच्या कस्टम्सकडे पोचावा लागतो. गाडी चोरीची नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. शिवाय निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद करून एक नंबर घ्यायचा. तो घ्यायला मी एक एजंट धरला आणि त्याला गाडीचा सतरा आकडी नंबर ईमेलनं कळवला. तासाभरात त्याचा फोन आला, "यात ओ कुठून आला?" शून्याला मी ओ वाचलं होतं. त्या सतरा अक्षरांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी गल्लत होते म्हणून. म्हणजे माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे त्यांना आधीच माहीत होतं आणि तरी मी जमवलंच.

ते तीन दिवस आम्ही आजोबांच्या अंगणात, त्याच गाडीत काढले. आजी रोज सकाळी काचेवर टकटक करून मफिन द्यायच्या. आजोबांनी मला मैल्याची टाकी रिकामी करायला शिकवलं. त्याबद्दल इतकंच सांगतो, की आधी काळी टाकी, मग करडी. हा क्रम चुकवू नये. अण्णा लांब खुर्ची टाकून बसले होते. "इंजिनिअर झालास, कॅनडाला आलास, आणि आता हे," एवढंच म्हणाले.

अमेरिकेच्या बाजूला दहा मिनिटांत शिक्का बसला. पूल ओलांडला. कॅनडाच्या बाजूला पोनीटेल बांधलेली एक तरुण अधिकारी होती, फार तर पंचविशीची. तिनं कागद घेतले, एकावर एक रचले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. अण्णांचे डोळे चमकले. "बघ, कागद कसे धरलेत. ही पोरगी शिरोली नाक्यावर पाहिजे होती."

गाडीच्या नंबराचं पहिलं अक्षर १. तिनं मान डोलावली, कस्टम ड्यूटी नाही. मी अण्णांना समजावलं, की पहिलं अक्षर १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ कॅनडाची, ३ मेक्सिकोची, आणि इंग्रजी 'जे' असेल तर जपानची. "गोत्र," अण्णा म्हणाले. "पुढे?"

पुढे एसी. गाडीत एसी असला तर शंभर डॉलर अबकारी. आता आमच्या गाडीला पुढे डॅशबोर्डात एक एसी आणि मागे छतावर एक. मी प्रामाणिकपणे विचारणार होतो की दोन्हींचे मिळून शंभर की वेगवेगळे, पण बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. मग किंमत अधिक एसीचे शंभर, या बेरजेवर पाच टक्के जीएसटी. १,६०५ डॉलर.

"जीएसटी?" अण्णांनी एवढाच शब्द पकडला. "इथे पण?"

"अण्णा, यांचा १९९१ पासून आहे."

अण्णा काही बोलले नाहीत. भारतात १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईचीही जकात गेली, तेव्हा त्यांनी त्या दिवशी जेवण केलं नव्हतं. इथे जीएसटी आणि नाका दोन्ही एकत्र सुखानं नांदताना बघून त्यांना काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

मी हसून म्हणालो, "आणि गाडी पंधरा वर्षांच्या वरची आहे, मार्च २००८."

ती उठली, बाहेर आली, ड्रायव्हरचं दार उघडून स्टिकर वाचलं. मग खाली वाकली आणि त्याच दारातल्या दुसऱ्या स्टिकरवर बोट ठेवलं, जे मी दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीचा भाग समजलो होतो. ऑगस्ट २००८.

पुढचं तिनं शांतपणे सांगितलं. मोटरहोम दोन ठिकाणी बनते. एक कंपनी इंजिन, चाकं आणि पुढची केबिन असलेली अर्धी गाडी बनवते. ती चॅसी. दुसरी कंपनी त्यावर घर चढवते. दोघेही आपापलं स्टिकर लावतात. चॅसी मार्चची. घर पूर्ण झालं ऑगस्टमध्ये. आणि तिच्या लेखी गाडी पूर्ण झाली तेव्हाच गाडी झाली. म्हणजे वय चौदा वर्षं दहा महिने.

इथे अण्णा पुढे झाले. या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे. अण्णा जन्मले श्रावणात, पंचगंगेला पाणी चढलेलं असताना. शाळेत घालताना मास्तरांनी वय भरावं म्हणून १ जून लिहिलं, जसं त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचं लिहिलं. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून अण्णा ३१ मेला घरी बसले. श्रावण गृहीत धरला असता तर तीन पगार जास्त मिळाले असते. ते तीन पगार आमच्या घरात आजही जिवंत आहेत, दर दिवाळीला त्यांच्यावर व्याज चढतं.

"तिला सांग," अण्णा म्हणाले, "मुंज झाली म्हणून जन्मतारीख बदलते का?"

मी ते इंग्रजीत नेण्याचा प्रयत्न केला. मुंज म्हणजे काय, जानवं म्हणजे काय, द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला, हे सांगेपर्यंत मलाच कळलं की मी तिचीच बाजू मांडतोय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, दोन महिने गाडी पलीकडे ठेवायची आहे का?"

पेनसिल्व्हेनियाच्या त्या आजींचे मफिन डोळ्यांपुढे आले. पण जून ते ऑगस्ट कोण ठेवून घेणार? भरले. फी सव्वातीनशे डॉलरच्या आसपास आणि तिच्यावर कर.

"आता आतून बघते," ती म्हणाली. काही जाहीर करण्यासारखं? फळं, मांस, लाकूड? काही नाही, मी म्हणालो. तिनं बाहेरून सामानाचा खालचा कप्पा उघडला. आत सुतळीनं बांधलेली जळाऊ लाकडाची मोळी. आजोबांची भेट! झाडं पोखरणारे किडे लाकडातून येतात म्हणून सरपण कागदपत्रांशिवाय सीमेपार आणायला मनाई आहे. "अघोषित माल," अण्णांनी मराठीत निकाल दिला. मोळी जप्त झाली.

मग तिनं राहण्याच्या भागाचं दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि दोन पावलं मागे आली. "सगळे लांब व्हा. गॅस गळतोय."

या गाड्यांत स्वयंपाकाला प्रोपेन असतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम गंधकाचा एक उग्र वास मिसळतात. मी धावत जाऊन टाकीचा कॉक फिरवला. तो बंदच होता. आणखी एक अधिकारी आला, त्यानंही नाक आक्रसलं. वास सिंकखालच्या कप्प्यातून येत होता. बायको शांतपणे आत गेली आणि मसाल्याच्या डब्यामागून हिंगाची पिवळी डबी काढून दोघांसमोर धरली. झाकण सैल होतं. हिंगाच्या वासाचं मूळही गंधकच, त्यामुळे त्या दोघांची नाकं मुळीच चुकली नव्हती. पोनीटेलवालीनं डबीजवळ नाक नेलं आणि विचारलं, "हे तुम्ही खाता?"

"चिमूटभर," बायको म्हणाली.

घरी आल्यावर पुढचं बरंचसं रटाळ होतं, ते सोडून देतो. नंबरप्लेट घेताना प्रांताचे आठ टक्के, म्हणजे अडीच हजारांवर डॉलर. रिकॉलचं, म्हणजे कंपनीनं दोष काढायला गाडी परत बोलावण्याचं, काम शिल्लक नाही असं पत्र, चॅसीवाल्याकडून एक, आणि एकदा पोळल्यामुळे घरवाल्याकडूनही एक. दिवसाही आपोआप लागणारे दिवे, कारण डिसेंबर १९८९ पासून कॅनडात ते सक्तीचे आहेत आणि अमेरिकेत नाहीत. ते बसवल्यावर अण्णा पंधरा दिवस मला हाताची पाच बोटं उघडून-मिटून दाखवत होते, कोल्हापुरात नव्या मोटरसायकलवाल्यांना अजून दाखवतात तशी, "लाइट चालू आहे!"

तपासणीच्या गॅरेजचं दार दहा फूट उंच होतं. गाडी अकरा फूट. तपासनीस क्लिपबोर्ड घेऊन बाहेर पार्किंगमध्ये आला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि दोन्ही स्टिकरं वाचून म्हणाला, "अरे, अजून दोन महिने थांबला असतात तर!" मी त्याला काही केलं नाही.

ऑगस्ट आला. गाडीला रीतसर पंधरा पूर्ण झाली. त्याच आठवड्यात तिथीनं अण्णांचाही खरा वाढदिवस होता, म्हणून दोघांचा एकत्र करायचं ठरलं, घरासमोर उभ्या गाडीतच. बायकोनं स्टिअरिंगला हळदकुंकू लावलं, अण्णांना ओवाळलं आणि त्या दोन फुटी ओट्यावर आमटीला फोडणी दिली. हिंग पडला मात्र, छतावरचा अलार्म बोंबलायला लागला. शेजारचा माणूस लॉनवरून धावत आला. अण्णा टॉवेल फडकावत दारात उभे राहिले आणि त्याला मराठीतच सांगायला लागले, "काही नाही रे, घोषित माल आहे, घोषित!"