चीक फेकायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री पावणेअकराला मामेबहिणीचा फोन आला. संध्याकाळी सातला बाळंत झालेली, आवाज अजून थकलेला. "ताई, आई म्हणतेय पहिलं दूध पिळून टाक, तीन दिवस बाळाला नुसतं मधाचं बोट लावायचं. सिस्टरने मघाशी एकदा पाजवून घेतलं तर तिच्यावरच चिडली. कसला तरी मेसेज आलाय तिला." मी म्हटलं, "बाळाला छातीशी घे आणि तो मेसेज मला पाठव."

मेसेज आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडेही पोचला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तोच मला सोसायटीच्या ग्रुपवर आणि डेअरीच्या ग्रुपवर दिसला. मथळा असा: 'विज्ञानाने अखेर मान्य केले, आपले पूर्वज मूर्ख नव्हते'. खाली पाच मुद्दे. उभ्याने पाणी प्यायलं की ते वेगाने आदळून गुडघ्यांत उतरतं. वरची दाढ काढली की नजर जाते, त्यापेक्षा धुरी घेऊन कीड पाडावी. बोअरची जागा पाणाड्याच्या हातातला नारळ बरोबर दाखवतो, हे 'जर्मनीत सिद्ध झाले आहे'. जार (म्हणजे वार) पडेपर्यंत वासराला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पाजत नाहीत, कारण मुक्या जनावरालाही कळतं. आणि म्हणून बाळालाही पहिले तीन दिवस आईचा चीक देऊ नये; तो साचलेला, जड असतो, डॉक्टर लोक धंद्यासाठी पाजायला लावतात.

पूर्वज मूर्ख नव्हते हे मला मान्यच आहे. हा मेसेज लिहिणाराही उद्या कुणाचा तरी पूर्वज होणार, याची मात्र काळजी वाटते.

मी जनावरांची डॉक्टर. मामींच्या मते त्यामुळे माणसाच्या बाळाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण मामी, मेसेजवाल्यानेच बाळाचा मुद्दा गाईच्या दाव्याला बांधलाय, म्हणजे माझ्या गोठ्यात आणून सोडलाय. तिकडे येतेच. आधी बाकीचं उरकते.

पाणी. माझे यच्चयावत पेशंट उभ्यानेच पाणी पितात, दुभती गाय तर दिवसाला 50-60 लिटर सहज. पाणी गुडघ्यांत उतरत असतं तर एव्हाना सगळ्या दावणी पाण्यात बसल्या असत्या. गिळलेला घोट नळाच्या धारेसारखा खाली पडत नाही. अन्ननलिकेचे स्नायू वरून खाली आवळत जातात आणि त्याला पुढे ढकलतात. म्हणून तर डोकं खाली, पाय वर करूनही घोट गिळता येतो, आणि अंतराळात वजनच नसताना अंतराळवीर पाणी पितात. जठरातून गुडघ्यात जाणारी वाट कुणाच्याच शरीरात नाही. सांध्यातलं वंगण सांध्याच्या आतल्या अस्तरातच तयार होतं. घाईत उभ्याने ढोसलं तर ठसका लागतो, हे खरं. बसून, सावकाश प्या. छानच आहे. पण त्याला विज्ञान म्हणू नका.

दाढ. वरच्या दातांच्या संवेदना वाहणारी नस वेगळी आणि डोळ्याला दिसतं ते मेंदूपर्यंत नेणारी नस वेगळी. दात काढल्याने दुसरीला धक्का लागत नाही. दाढ काढली त्याच सुमारास चाळिशी लागली, चष्मा आला, आणि दोष बिचाऱ्या दाढेवर गेला, असंच बहुतेक घरांत झालेलं असतं. उलट सडलेली वरची दाढ ठेवून दिली आणि पू वर चढला तर तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे भीती आहेच, पण दाढ न काढण्याची.

धुरीचा प्रकार मी लहानपणी आठवडी बाजारात डोळ्यांनी पाहिलाय. तापलेल्या खापरावर रिंगणीचं बी टाकायचं, नळीतून धूर तोंडात घ्यायचा, मग पाण्याच्या परातीत पांढऱ्या बारीक अळ्या तरंगताना दाखवायच्या. गर्दी चाट. त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतून बाहेर आलेले कोंब. धूर तोंडात न घेता बी नुसतं तव्यावर टाकून वाफ पाण्यावर धरा, तरी 'कीड' पडेल. ज्या जर्मनीच्या नावाने मेसेजवाला शपथा घेतो, तिथल्याच शेफर नावाच्या अभ्यासकाने 1757 साली या काल्पनिक दंतकृमींवर अख्खी पुस्तिका लिहून ठेवलीय. 'कीड लागली' हा आपला नुसता बोलण्यातला शब्द आहे. दातात खड्डा पडतो तो जंतूंनी साखरेपासून केलेल्या आम्लाने, अळीने नव्हे.

पाणाड्या. हे वाचून मला हसूच आलं, कारण जर्मनीत खरोखरच चाचणी झाली होती. म्युनिकजवळ, 1987-88 साली, एका दुमजली कोठारात. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून इकडेतिकडे सरकवायचा, वरच्या मजल्यावर पाणाड्याने त्याची जागा सांगायची. सुरुवातीला 500 च्या वर पाणाडे आले, त्यातले हुशार म्हणून 43 निवडले, त्यांच्या 843 चाचण्या घेतल्या. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले काही जण अस्सल वाटले, तेवढंच धरून मेसेजवाले नाचतात. नंतर एन्राइट नावाच्या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले: 43 पैकी 37 जणांत काहीच नव्हतं, उरलेल्या सहांचं यश नशिबावर सोडण्याइतकंच. गावातल्या जुन्या पाणाड्याला आसपासच्या विहिरी, ओढा, उंबर, जमिनीचा उतार हे सगळं तोंडपाठ असतं आणि त्यावरून तो बऱ्यापैकी अंदाज बांधतो, हे मी नाकारत नाही. मग अंदाजाचे पैसे त्याला द्या, नारळाला नको. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी नदीसारखं वाहत नाही, ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत धरलेलं असतं. कर्ज काढून बोअर मारायचा तर भूजल सर्वेक्षणवाल्यांना आधी विचारा.

आता चीक.

'मुक्या जनावरालाही कळतं' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने गाय व्याताना कधी पाहिलेली नाही. गाईला काय कळतं ते बघायचं असेल तर वासराच्या गळ्यातलं दावं सोडा. गाय त्याला चाटते, ते धडपडत उभं राहतं, दोनदा पडतं, कासेच्या जागी पुढच्या पायाशीच ढुशा देतं आणि तासा-दीड तासात सड तोंडात धरतं. जार पडण्याची वाट गाय बघत नाही, वासरूही बघत नाही. वाट बघतो तो माणूस, आणि तोच वासराला लांब बांधून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यात एका वस्तीवरून फोन आला, "मॅडम, जार अडकलंय, या." गाय रात्री साडेतीनला व्याली होती. मी पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. मागे लोंबत होतं त्याला कुणीतरी जुनी चप्पल बांधलेली, वजनाने पडेल म्हणून. ती आधी सोडली. कालवड कोपऱ्यात पोत्यावर, कान पडलेले. तोंडात बोट घातलं तर तोंड आतून गार, आणि बोट ओढायची ताकदच नाही. सात तासांत तिला एक थेंब मिळाला नव्हता. चुलीपाशी मात्र पातेल्यात पिवळाधमक चीक झाकून ठेवलेला, गूळ-वेलदोडा पडायचा बाकी. कास तटली म्हणून धार काढली होती म्हणे. वासराला चालत नाही तो चीक घरच्यांना खरवसाला चालतो! तोच चीक कोमट करून बाटलीने, थोडा थोडा, तिच्या पोटात घातला. कालवड वाचली, पण आठव्या दिवशी हगवणीसाठी मला पुन्हा बोलावणं आलंच.

कारण असं आहे. गाईच्या वारेतून अँटीबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, वासरापर्यंत जातच नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा रोगांपुढे अगदी उघडं असतं, त्याचं सगळं कवच त्या पहिल्या चिकात असतं. आणि त्याच्या आतड्याचं दार हे अँटीबॉडीज जसेच्या तसे रक्तात घ्यायला फक्त पहिला दिवसभर उघडं असतं, तेही तासातासाने मिटत जातं. म्हणून 30 किलोच्या वासराला साधारण 3 लिटर चीक, आणि तो पहिल्या काही तासांतच. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाजलात तरी ते दार बंद झालेलं असतं. शिवाय वासरू सड ओढतं तेव्हा गाईच्या अंगात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. म्हणजे जार पडावी म्हणून जे थांबवता, त्यानेच ती पडायची असते. बारा तास उलटूनही काही हललं नाही तर डॉक्टरला बोलवा. चप्पल नको, ओढाताण नको.

अर्धं खरं काय ते सांगून टाकते, नाहीतर कॉमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. जास्त दुधाच्या संकरित गाईची कास पहिल्याच दिवशी पार रिकामी करू नका असं आम्हीही सांगतो, कारण अंगातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरून गाय खाली बसायची, उठूच न शकायची भीती असते. म्हाताऱ्या माणसांच्या 'चीक पूर्ण काढू नये' या सांगण्यामागे तेच निरीक्षण असावं. पण 'पूर्ण काढू नये' आणि 'वासराला पाजू नये' यांत एका जिवाचा फरक आहे.

आणि आता बाळ. मुळात गाईवरून बाळाचं ठरवणंच चूक. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच, शेवटच्या काही आठवड्यांत, वारेतून आईच्या बऱ्याच अँटीबॉडीज मिळालेल्या असतात. मग चीक कशाला? तर चिकातल्या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीज रक्तात जात नाहीत, त्या बाळाच्या आतड्याच्या आतून लेप दिल्यासारख्या बसतात, आणि बाहेरचा जंतू तिथेच अडतो. जड म्हणाल तर चीक उलट पोट साफ करतो; जन्मल्यावरची ती काळी चिकट शी बाहेर पडायला त्याची मदत होते. पिवळा दिसतो तो गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनमुळे, नासल्यामुळे नव्हे. थोडाच येतो, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं.

सुश्रुतसंहितेत तीन-चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होतं असं म्हटलंय आणि तोवर मध-तूप सांगितलंय, हे मामींनी मला ऐकवलं. निरीक्षण अचूक आहे. दूध भरून उतरतं ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. पण दूध उतरलं नाही म्हणजे काहीच नाही असं नाही, चीक तोवर असतोच. मधाबद्दल त्या काळी माहीत नव्हतं ते आज माहीत आहे: मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना ते बाधत नाहीत, वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पाडू शकतात. अंगठीने चाटवा की बोटाने, मध तोच.

'पुरावा काय?' असं मामींनी विचारलं. घानामध्ये जवळपास 11 हजार बाळांवर, नेमकं सांगायचं तर 10,947, केलेला अभ्यास 2006 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. कोणत्या बाळाला पहिल्यांदा कधी पाजलं याची नोंद ठेवून पुढे महिनाभर बघितलं. पाजायला जितका उशीर, तितकी बाळ दगावण्याची शक्यता चढत गेली. अभ्यासकांचा हिशेब असा, की सगळ्या बाळांना पहिल्या तासात पाजलं असतं तर त्या गावांतल्या नवजात मृत्यूंपैकी 22 टक्के टळले असते. पहिल्या दिवसात तरी पाजलं असतं तर 16 टक्के. औषध नाही, यंत्र नाही, फक्त वेळ. आणि आपल्या देशात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) पहिल्या तासात पाजलेली बाळं 42 टक्क्यांच्या आसपास होती. निम्म्याहून जास्त बाळं तेव्हाही थांबलेलीच होती.

डॉक्टरांचा धंदा म्हणाल तर चीक फुकट आहे, त्यावर कुणाला कमिशन मिळत नाही. चीक फेकला, बाळ रडरड रडलं, की चौथ्या तासाला घरातलं कुणीतरी पावडरचा डबा आणायला जातं. धंदा तिथे आहे. म्हणून तर 1992 च्या कायद्याने या डब्यांच्या जाहिरातींवर बंदी घालावी लागली.

हे सगळं मामींना त्या रात्री फोनवर सांगितलं, आत्ता लिहिलंय त्यापेक्षा बऱ्याच चढ्या आवाजात. त्या म्हणाल्या, "तुझ्या गाई-म्हशी तुझ्यापाशी ठेव." फोन ठेवला. मी जागीच होते. पहाटे साडेचारला बहिणीचा मेसेज: "रात्रीत चारदा पाजलं. चौथ्यांदा आईनेच उठवलं मला. आत्ता काळी शी झाली, आई लंगोट बदलतेय."